साप दाखवायचा, पण कसा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि समोर बाई बसल्या आहेत, त्यामुळे वेळ पाळणं भाग आहे.

मला खरं तर संगणकाच्या क्षेत्रावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. गेल्या वर्षी मी आपल्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. अमेरिकेतल्या एका शाळेत मुलं जमिनीवर गोलात बसली आहेत आणि मध्ये मी हातात साप घेऊन उभी आहे. त्यावर भरपूर विनोद झाले. ‘हिला शाळेत झुरळाची भीती वाटायची’ हेही कोणीतरी लिहिलं. पण आपल्या वर्गातल्या तिघी जणी आज शिक्षिका आहेत. त्यांनी मला वेगळं विचारलं, ‘असा कार्यक्रम आमच्या शाळेत करता येईल का? काय काळजी घ्यावी लागते?’ या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नव्हतं. ते आज सविस्तर देते.

आधी आमच्या घरच्या मंडळींची ओळख. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहते. मुलीच्या हट्टापायी आमच्या घरी दोन सरपटणारे प्राणी आले. एक कॉर्न स्नेक. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप, चार-पाच फुटांपर्यंत वाढतो. आपल्याकडच्या तस्कर सापाची आठवण व्हावी असा. आमच्या सापाचं नाव कणीस. दुसरा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा. त्याचं नाव बंडू. दोघंही बंदिस्त जागेतच जन्मलेले आहेत, रानातून पकडून आणलेले नाहीत. मुलीच्या शिक्षिकेने एकदा त्यांना वर्गात आणाल का असं विचारलं. तेव्हापासून वर्षाला चार-पाच वर्गांत तरी जाणं होतं.

आमच्या कामात एक सवय लागते. नवीन काही सुरू करण्यापूर्वी काय काय बिघडू शकतं, याची यादी आधी करायची. शाळेत प्राणी नेताना तीच सवय उपयोगी पडली. यादीत तीन नावं येतात: मूल, प्राणी आणि शिक्षक. तिघांपैकी एकालाही त्रास झाला, तर तो कार्यक्रम फसला असं समजायचं.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागते. प्रत्येक पालकाला चिठ्ठी जाते. तीत अमुक दिवशी अमुक प्राणी येणार, मूल लांबून बघणार की हात लावणार, आणि घरी किंवा मुलाला काही आजार आहे का, एवढं विचारलेलं असतं. शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. कर्करोगावर उपचार चालू असलेलं मूल, घरात तान्हं बाळ असलेलं मूल, या गोष्टी शिक्षकांना आधी कळायला हव्यात. का, ते पुढे सांगते.

प्राण्याचीही वेळ बघावी लागते. सापाने भक्ष्य गिळल्यावर निदान दोन दिवस त्याला उचलायचं नसतं, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकतो. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडचिडा होतो. अशा वेळी मी शाळेला फोन करून तारीख बदलून घेते. मुलांचा हिरमोड होतो, पण त्यांना कारण सांगितलं की तोही एक धडाच होतो. नेताना साप कापडी पिशवीत, पिशवी कडी लागणाऱ्या डब्यात, आणि डबा सतत माझ्याजवळ. सरपटणाऱ्या प्राण्यांचं शरीर आपल्यासारखं आतून ऊब धरत नाही, ते बाहेरच्या उष्णतेवर चालतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला साप थोड्या वेळात मरू शकतो, आणि थंडीत गारठलेला बंडू जागचा हलत नाही.

वर्गात गेल्यावर पहिलं काम म्हणजे दारं-खिडक्या बंद आणि छताचा पंखा बंद. मुलं जमिनीवर मांडी घालून बसतात. उभं मूल दचकलं की मागच्याच्या अंगावर पडतं, बसलेलं मूल फार तर किंचाळतं. एका वेळी एकच प्राणी बाहेर. तो शेवटपर्यंत माझ्याच हातात, तो हातोहात फिरवायचा नाही. वर्गशिक्षिकेने वर्गातच थांबायचं, ही माझी अट असते. मी प्राण्याकडे बघते, त्या मुलांकडे बघतात. एकाच माणसाला दोन्हीकडे लक्ष देता येत नाही.

हात लावायची पद्धत ठरलेली. दोन बोटं, पाठीच्या मधल्या भागावर, डोक्याकडून शेपटीच्या दिशेने, हलकेच. डोक्याजवळ हात नाही. प्राण्याचं तोंड मी मुलांपासून लांब, माझ्या बाजूला धरते. मुलांना वाटतं साप बुळबुळीत असेल. तो कोरडा आणि गुळगुळीत लागतो. त्या एका स्पर्शाने मुलांचे चेहरे बदलतात, आणि तो क्षण बघायला मला फार आवडतं.

पण माझ्या मते त्या तासातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे ‘नको’. तो मुलाला म्हणता आला पाहिजे आणि प्राण्यालाही.

तिसरीच्या एका वर्गात एक मुलगा हाताची घडी घालून अगदी मागे बसला होता. बाकीची मुलं त्याला ‘घाबरट’ म्हणू लागली. मी त्याला माझं घड्याळ दिलं आणि सांगितलं, कणीस दहा मिनिटंच बाहेर राहू शकते, वेळ झाली की मला सांग, तुझ्याशिवाय मला कळणार नाही. त्याने बरोबर दहा मिनिटांनी हात वर केला. तास संपताना तो दोन पावलं पुढे येऊन बघून गेला. हात लावला नाही. तेवढं पुरेसं होतं. भिणाऱ्या मुलाचा हात धरून सापावर ठेवला, तर त्याची भीती जात नाही. आपलं ‘नको’ मोठी माणसं ऐकत नाहीत, एवढं मात्र त्याच्या मनात पक्कं बसतं. ही शिकवण सापापुरती राहत नाही.

प्राण्याचं ‘नको’ वाचायला मात्र शिकावं लागतं. ते मी प्राणी बाहेर काढण्यापूर्वीच मुलांना शिकवते. बंडूची दाढी काळी पडली आणि त्याने गळा फुगवला, की तो घाबरलाय. त्याने तोंड उघडं ठेवलं, तर कधी तो अंग थंड करत असतो आणि कधी धमकावत असतो, तेव्हा बाकीचं अंगही बघायचं. कणीस मान इंग्रजी ‘एस’सारखी वळवून मागे घेते, शेपटीचं टोक थरथरवते. मग आमचा खेळ सुरू होतो. बघा, आता काय म्हणतेय ती? सगळा वर्ग ओरडतो, ‘नको!’ आणि मी तिला लगेच डब्यात ठेवते. पुढच्या पाच मुलांची पाळी राहिली असली, तरीही. त्या पाच जणांची नाराजी मी पत्करते.

आता त्या चिठ्ठीतल्या आजाराच्या प्रश्नाकडे येते. आपण सापाच्या दाताला घाबरतो, पण अशा पाळीव प्राण्यांचा खरा धोका दातात नसतो. कणीस चावलीच तर चार बारीक ओरखडे उठतील, साबणाने धुवायचे आणि पालकांना कळवायचं. मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. साल्मोनेला नावाचे जिवाणू सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात राहतात आणि विष्ठेतून त्यांच्या अंगावर, पिंजऱ्यावर, पाण्याच्या भांड्यावर येतात. प्राणी दिसायला ठणठणीत असतो. माणसाला मात्र जुलाब, ताप, पोटात कळा, आणि लहान मुलांत कधी कधी तो संसर्ग रक्तात पोचून जिवावर बेततो. अमेरिकेत लहान कासवांमुळे इतकी मुलं आजारी पडत होती की १९७५ साली ४ इंचांपेक्षा कमी लांबीच्या कवचाची कासवं पाळण्यासाठी विकण्यावर तिथे बंदी आली. कासव जेवढं लहान, तेवढं ते मुलाच्या तोंडात जाण्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा साधा विचार.

म्हणून तिथल्या आरोग्य विभागाचा सल्ला स्पष्ट आहे. पाच वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांवरची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांना हात लावू नये. बालवाडीत मी जातच नाही. बाकी वर्गांत हात लावलेल्या, न लावलेल्या सगळ्यांनी तास संपताच साबणाने हात धुवायचे. बाटलीतलं सॅनिटायझर साबण-पाणी नसेल तेव्हाच. प्राणी असेपर्यंत वर्गात डबा उघडायचा नाही, पाणी प्यायचं नाही, बोट तोंडात नाही, पापा घेणं तर नाहीच. आणि मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मी घेत नाही. घंटा झाली की मुलं डब्यांकडे धावतात, हात धुवायला कोण थांबणार?

काही गोष्टी मी कधीच करत नाही. साप मुलाच्या गळ्यात घालत नाही. त्याचं तोंड उघडून दात दाखवत नाही. मुलांसमोर त्याला भक्ष्य देत नाही. फोटोसाठी थांबवून ठेवत नाही. यातलं प्रत्येक काम टाळ्या मिळवणारं आहे, आणि प्रत्येकातून मुलं एकच गोष्ट शिकतात: साप हे धाडस दाखवायचं साधन आहे.

इथपर्यंत मी टेक्सासबद्दल बोलले. आता आपल्या मैत्रिणींच्या मूळ प्रश्नाकडे येते. हे आपल्या शाळेत करता येईल का?

माझं उत्तर आहे, नाही. जिवंत साप वर्गात आणू नका. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडच्या रानातले साप, घोरपडी, कासवं पकडणं, पाळणं, त्यांचे खेळ करणं गुन्हा आहे. नशीब उजळतं म्हणून घरात ठेवलेलं तारांकित कासव आणि गुप्तधनाच्या नावाने विकलं जाणारं मांडूळ हेही त्यातच आलं. हे नियम फक्त आपल्याकडे आहेत असं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात त्यांच्या मातीतला बिनविषारी साप घरी पाळता येत नाही. आपल्या रानातलं रानातच राहावं, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. बाहेरच्या देशांतल्या प्राण्यांपैकी काही आपल्याकडे नोंदणी करून पाळता येतात, पण माझा दुसरा मुद्दा त्यांनाही लागू होतो.

तो मुद्दा आपल्या गडग्यांचा आहे. कणीसला हात लावलेलं मूल ऑस्टिनमधल्या आपल्या घरी जातं, तेव्हा अंगणात विषारी साप भेटण्याची शक्यता कमी असते. तिथेही विषारी साप आहेत, पण साऱ्या अमेरिकेत सर्पदंशाने वर्षाला साधारण पाच माणसं जातात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं. निम्मे मृत्यू पावसाळ्यात. म्हणजे आपल्या शाळेच्या वयाची मुलं, आणि शाळा सुरू होण्याचे दिवस.

हे आकडे आपल्याला परके नाहीत. आपण सातवीत असताना आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा धाकटा भाऊ गेला. तिला विचारूनच मी हे इथे बोलते आहे. पावसाचे दिवस होते, सगळे पडवीत जमिनीवर झोपले होते. पहाटे तो पोट दुखतं म्हणून रडू लागला. मग डोळे उघडेनात. अंगावर कुठेही जखम दिसत नव्हती. आधी देवाकडे कौल, मग गावातला जाणता, आणि तिथून दवाखाना. आज आपल्याला माहीत आहे की ही सगळी लक्षणं मण्यारीच्या दंशाची असतात. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. त्या दिवशी शाळा अर्ध्यावर सोडली होती, तुम्हाला आठवत असेल. पण साप या विषयावर नंतर वर्गात कोणी काही बोललं नाही. गुरुजनांना मी दोष देत नाही. तेव्हा तसं बोलायची पद्धतच नव्हती.

आता विचार करा. अशा गावात एखादा पाहुणा शाळेत येतो, गळ्यात साप टाकतो, मुलांच्या हातात देतो आणि सांगतो, ‘साप आपला मित्र आहे, घाबरू नका.’ त्याचा हेतू चांगला असतो. पण मूल काय घेऊन घरी जातं? दुसऱ्या दिवशी त्याला गडग्यात काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप दिसतो. तो निरुपद्रवी कवड्या आहे की मण्यार, हे जाणत्या माणसालाही जवळून बघावं लागतं. दुर्क्या घोणस आणि घोणस यांची गल्लत तर मोठी माणसं करतात. जांभ्याच्या चिऱ्याखाली बसलेलं फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, बघून कोणालाही वाटेल की हे काय करणार! जिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही परसात भेटू शकतात, तिथे मुलाला साप हातात घ्यायला शिकवणं म्हणजे त्याला चुकीची सवय लावणं. तिथे मुलाने शिकायची गोष्ट एकच: थांब, लांब हो, मोठ्यांना सांग.

मग आपल्या मुलांना काहीच दाखवायचं नाही का? भरपूर दाखवायचं. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी हे आधीच करून ठेवलंय. बाई, तुम्हाला आठवतं का, प्रयोगशाळेच्या कपाटामागे सापडलेली पालीची दोन अंडी तुम्ही काड्यापेटीत कापसावर ठेवली होती? दीड-दोन महिने आम्ही रोज तारखा लिहीत होतो. एके सकाळी पेटी उघडली तर आत फक्त कवचं, आणि इवलीशी पाल भिंतीवर. कोणीही तिला हात लावला नाही. तरी त्या दोन महिन्यांत सरपटणाऱ्या प्राण्याबद्दल मी जे शिकले, ते कुठल्याही प्रदर्शनात शिकले नसते.

तसंच करायचं. भिंतीवरची पाल हा आपला मोफत मिळणारा प्राणी आहे. ती विषारी नसते, हे मुलांना सांगा. शेपटी का तोडते, दिव्याजवळच का बसते, उलटी का पडत नाही, हे त्यांना बघायला लावा. कुंपणावरच्या सरड्याच्या मानेचा रंग कधी बदलतो, याची आठवडाभर नोंद ठेवायला सांगा. घोरपड म्हटली की यशवंतीची गोष्ट निघणारच. मग विचारा, घोरपडीच्या नख्या खरोखर कशा असतात, आणि ती माणसाचं वजन पेलेल का? मुलं वाद घालतील, घालू द्या. सापाला बाहेरचे कान नसतात, मग तो पुंगीपुढे का डोलतो? पुंगीच्या हालचालीवर त्याची नजर असते म्हणून. तो दूध का पीत नाही, आणि नागपंचमीला पिताना का दिसतो? कारण त्याला आधी उपाशी, तहानलेला ठेवलेला असतो. परसात सापडलेली कात चिमट्याने काचेच्या बरणीत ठेवा. तिच्यावर डोळ्यांच्या जागी पारदर्शक खवले दिसतात, कारण सापाला पापण्या नसतात. कात हाताळल्यावरही हात धुवायचेच. सहल पुण्याला गेली, तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातलं सर्पोद्यान जरूर दाखवा. तिथे मूल आणि साप यांच्यामध्ये काच आहे, आणि ती तिथे असायलाच हवी.

सर्पमित्रांना शाळेत जरूर बोलवा. ती माणसं रात्री-अपरात्री धावून येतात, त्यांच्याबद्दल मुलांना आदर वाटलाच पाहिजे. फक्त निमंत्रण देतानाच सांगा, ‘दादा, साप आणू नका, अनुभव आणा.’ पकडलेला साप वनखात्याला कळवून लवकरात लवकर सोडायचा असतो. तो तासभर वर्गात मिरवायचा नसतो. खरा जाणता सर्पमित्र ही अट आनंदाने मान्य करतो. जो करत नाही, त्याला बोलवायचं कारण नाही.

आणि साप घरात निघाला तर काय करायचं, हे मुलांना परवचा पाठ करून घ्यावा तसं पाठ करून घ्या. लांब राहायचं, साप कुठे जातो यावर नजर ठेवायची, मोठ्यांना हाक मारायची, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. रात्री बाहेर पडताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी. लाकडाच्या ढिगात, गडग्याच्या फटीत, गवताच्या भाऱ्यात न बघता हात घालायचा नाही. झोपायचं तर खाटेवर, आणि जमिनीवर झोपणं भागच असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचून. दंश झालाच तर घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारत बसायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने थेट दवाखान्यात न्यायचं. सर्पदंशावर औषध एकच, ते दवाखान्यातच मिळतं. पहाटे मूल पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर अंगावर खूण दिसो न दिसो, दवाखाना गाठायचा. मला वाटतं, हे शेवटचं वाक्य आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या घरी पोचलं, तर बाकी मी काहीच बोलले नसते तरी चाललं असतं.

तेव्हा माझी विनंती अशी. दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडताच, पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला एक तास या विषयासाठी द्यावा. मुख्याध्यापकांशी मी सकाळी बोलले आहे, त्यांनी होकार दिला आहे. चार विषारी आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बिनविषारी सापांची मोठी चित्रं आपल्या तुकडीतर्फे छापून देऊ. आपल्यातले दोघं डॉक्टर आहेत, त्यांनी पहिल्या वर्षी येऊन प्रथमोपचार शिकवायचं कबूल केलं आहे. आणि जिच्या भावाबद्दल मी मघाशी बोलले, तिने पहिल्या तासाला स्वतः येईन असं सांगितलं आहे. तिच्या वाडीतून आज अकरा मुलं या शाळेत येतात. त्यांच्यासाठी अकरा बॅटऱ्या तिने कालच घेऊन ठेवल्या आहेत.

पंधरा मिनिटं संपली.